उरलेल्या पैशातली माणुसकी

अंदाजपत्रकाचे दिवस आले की नगरपालिकांच्या सभागृहात एक वाद ठरल्यासारखा रंगतो. वृद्धांच्या घरपोच काळजीसाठी, पाळणाघरांसाठी, व्यसनमुक्ती केंद्रासाठी, मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईच्या निवाऱ्यासाठी द्यायची रक्कम वाढवायची की कापायची? एक बाजू म्हणते, करदात्यांच्या पैशांची ही खिरापत आहे. पालिकेनं रस्ते, पाणी, गटारं आणि दिवे सांभाळावेत. दुसरी बाजू गहिवरून माणुसकीचा दाखला देते. शेवटी गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी इकडेतिकडे होते, दोघांनाही जिंकल्यासारखं वाटतं आणि वाद वर्षभरासाठी कपाटात जातो.

मला यातल्या कुठल्याच बाजूला बसता येत नाही. कारण भांडताना दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती ही की हा पैसा म्हणजे दान. एकाला ते जास्त वाटतं, दुसऱ्याला कमी. माझ्या मते रक्कम किती हा प्रश्न नंतरचा. आधी त्या पैशाची प्रकृती तपासली पाहिजे. सगळी देणी भागल्यावर उरलेला, एका वर्षापुरता, कामाचा निम्माच खर्च भागवणारा, आणि जिथे गरज जास्त तिथे नेमका तुटपुंजा, असा हा पैसा असतो. तो दुप्पट केला तरी त्यातून कार्यक्रम होतील, सेवा उभी राहणार नाही. पाणीपुरवठ्याला ज्या रीतीनं पैसा मिळतो त्याच रीतीनं तो या कामांना मिळाला पाहिजे. ठरलेल्या स्रोतातून, अनेक वर्षांच्या हमीनं, खऱ्या खर्चाइतका. आणि त्याचा बोजा एकट्या गावाच्या डोक्यावर असता कामा नये.

अशा अनुदानांचे अर्ज मी काही काळ वाचले आहेत. बहुतेक नमुन्यांत शेवटाकडे एक रकाना असतो : अनुदान संपल्यानंतर उपक्रम स्वबळावर कसा चालवाल? अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या संस्थेनं या रकान्यात काय लिहावं? बिचारे लिहितात काहीतरी. 'देणगीदारांचं जाळं विणू', 'लाभार्थींचा सहभाग वाढवू'. हे खरं नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही. गटाराला असा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही. तीन वर्षांनी तू स्वतःच्या पायावर कसं उभं राहणार, असं रस्त्यावरच्या दिव्याला कोण विचारतं? त्याचं बिल दरमहा येणार आणि दरमहा भरलं जाणार, हे गृहीत असतं.

हा दुजाभाव नुसत्या मनोवृत्तीत नाही, हिशेबाच्या चौकटीत आणि कायद्यातही आहे. इमारत बांधली की ती मालमत्ता. तिच्यात काम करणारी बाई मात्र खर्च. इमारतीचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते. समुपदेशकाच्या पगाराला कोनशिला कुठे बसवणार? अमेरिकेत १९७४ पासून केंद्र सरकार शहरांना 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' देतं. नावात समाजविकास असलेल्या या निधीतला साधारणपणे जास्तीत जास्त १५ टक्के भाग शहराला प्रत्यक्ष सेवांवर खर्च करता येतो. उरलेला प्रामुख्यानं घरं, इमारती, सार्वजनिक सोयी, रोजगारवाढ यांसाठी. दवाखान्याला खोली मिळते, खोलीत बसायला माणूस मिळत नाही. कायदा करणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही, आणि आपल्यालाही वाटत नाही, कारण विटा दिसतात.

आता विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा. ते म्हणतात, गरिबी, आजारपण, म्हातारपण ही स्थानिक संस्थेनं उचलायची ओझी नव्हेतच. श्रीमंताकडून घेऊन गरिबाला देण्याचं काम मोठ्या सरकारनंच करावं. ते गावावर टाकलं तर गरीब गाव आणखी गरीब होईल आणि श्रीमंत गाव दारं लावून घेईल. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्याच्या बाजूनं तर साडेतीनशे वर्षांचा पुरावा उभा आहे. १६०१ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर, आपापल्या गरिबांची जबाबदारी आली आणि त्यासाठी मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकारही मिळाला. कागदावर किती छान! गावातला गरीब, गावातला पैसा, गावातली देखरेख. मग १६६२ मध्ये दुसरा कायदा आला. नव्यानं राहायला आलेला माणूस पुढे गावाच्या गळ्यात पडेल अशी शंका आली, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडायची मुभा मिळाली. त्यातून गरोदर अविवाहित बायकांना बाळंत होण्याआधी हद्दीबाहेर काढण्याचे प्रकार सुरू झाले, कारण मूल जिथे जन्मेल तिथल्या गावाला ते पोसावं लागे. काही जमीनदारांनी मजुरांच्या झोपड्याच पाडून टाकल्या. शेतात राबायला मजूर हवा, रात्री मुक्कामाला नको. ही माणसं जन्मजात दुष्ट होती असं मानायचं कारण नाही. खर्चाची रचनाच अशी होती की दया दाखवणाऱ्या गावाला तिचा दंड भरावा लागे. खर्च एकेका पॅरिशऐवजी अनेक पॅरिशच्या संघावर टाकायला १८६५ उजाडलं.

तेवढ्यानंही भागलं नाही. पूर्व लंडनमधल्या पॉपलर या गोदी-कामगारांच्या भागात पहिल्या महायुद्धानंतर बेकारी बोकाळली. बेकारांना मदत करायची तर कर वाढवायचा, आणि तो भरणार कोण? तिथलेच दुसरे गरीब. तिकडे श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये करपात्र मालमत्ता भरपूर आणि मदत मागणारे मोजके. १९२१ मध्ये जॉर्ज लान्सबरी आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांनी लंडनच्या वरिष्ठ संस्थांचा करातला वाटा गोळा करायलाच नकार दिला. तीस नगरसेवक तुरुंगात गेले, त्यांत बायकाही होत्या. पालिकेच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरल्या आणि त्यासाठी होलोवेच्या तुरुंगातून नगरसेविकांना आणलं गेलं. साधारण सहा आठवड्यांनी त्यांना सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी गरिबांच्या मदतीचा भार लंडनभर वाटून घेणारा कायदा झाला. लक्षात घ्यायचं ते असं, की मदत करण्याचं काम आमच्याकडून काढून घ्या असं पॉपलरचे लोक म्हणत नव्हते. काम आम्हीच करू, बिल मात्र सगळ्या शहरानं भरावं, एवढीच त्यांची मागणी होती.

आजचा वाद घसरतो तो इथेच. काम कुणी करायचं आणि पैसा कुणी द्यायचा हे दोन प्रश्न आहेत. आपण त्यांची मोट बांधतो आणि एकाच उत्तराची अपेक्षा करतो. पैसा गावाकडे पुरेसा नाही म्हणून काम गावाचं नाही, असं कसं? जपाननं २००० मध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू केला तेव्हा विमा चालवण्याची जबाबदारी नगरपालिकांनाच दिली. पात्रता त्या ठरवतात, सेवांचा आराखडा दर तीन वर्षांनी त्या करतात, ज्येष्ठांचा हप्ताही त्याच ठरवतात. पण वृद्धांनी स्वतः द्यायचा छोटा वाटा सोडला तर उरलेल्या खर्चातला निम्मा हप्त्यांतून येतो आणि निम्मा सरकारी तिजोऱ्यांतून. त्या निम्म्यातलाही निम्मा, म्हणजे ढोबळमानानं २५ टक्के, केंद्राचा. प्रांत आणि नगरपालिका साडेबारा-साडेबारा टक्के देतात. शिवाय ज्या गावात अतिवृद्ध जास्त किंवा वृद्धांचं उत्पन्न कमी, तिकडे केंद्राच्या वाट्यातला थोडा भाग जास्त झुकवला जातो. म्हातारीच्या घराच्या पायऱ्या किती आहेत हे गावाला कळतं आणि गावात म्हाताऱ्या किती झाल्या याचा भार देशावर पडतो.

आपल्या देशातलं उदाहरण द्यायचं तर केरळचं द्यावं लागेल. १९९६ मध्ये त्या राज्यानं आपल्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं. २००८ मध्ये तिथे परिहार सेवेचं धोरण आलं. बरं न होणाऱ्या रुग्णाच्या घरी जाऊन वेदना कमी करणारी परिचारिका ग्रामपंचायतींच्या कामाचा भाग झाली. या कामाला उद्घाटन नाही, आकडेवारीत भरावा असा 'बरा झालेला रुग्ण' नाही, मतदार म्हणून तर तो रुग्ण फार दिवस उपयोगाचाही नाही. तरीही ते पंचायतींनी उचललं. आधी स्वयंसेवकांनी ते काम गावागावांत रुजवलं होतं हे खरंच. पण पंचायतीच्या हाती दरवर्षी येणारा, मोजता येणारा पैसा नसता तर ते स्वयंसेवकांच्या उत्साहाबरोबर वरखाली होत राहिलं असतं.

उलट दिशेचा धडा २०१० नंतरच्या इंग्लंडनं दिला. केंद्राची अनुदानं वर्षामागून वर्षं कापली गेली. स्थानिक संस्थांना तिथे तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही. वृद्धांची आणि संकटातल्या मुलांची काळजी घेणं हे कायद्यानं बंधनकारक. युवा केंद्रं, कुटुंबांना वेळेवर दिलेला आधार यांसारखी कामं बऱ्याच अंशी ऐच्छिक. कात्री कुठे चालणार हे सांगायला ज्योतिषी नको. पुढे २०१८ मध्ये नॉर्दम्प्टनशायरनं आणि २०२३ मध्ये बर्मिंगहॅमनं नवा खर्च थांबवण्याची कायदेशीर नोटीस काढली. प्रत्येक ठिकाणची कारणं निराळी, बर्मिंगहॅममध्ये तर समान वेतनाच्या जुन्या दाव्यांचा डोंगर होता. पण अशा वेळी आधी काय बंद होतं ते सगळीकडे सारखंच. आज घरात भांडण विकोपाला जाऊ नये म्हणून केलेला खर्च ऐच्छिक, आणि उद्या त्याच घरातलं मूल संस्थेत ठेवायचा कितीतरी पट मोठा खर्च बंधनकारक. या हिशेबाला काटकसर म्हणायचं?

हे असं का होतं, याचं उत्तर मला क्रौर्यात सापडत नाही. खिशांच्या भानगडीत सापडतं. इंग्लंडमध्येच १९९९ पासून 'शुअर स्टार्ट' नावाची केंद्रं सुरू झाली : लहान मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्यासाठी आरोग्य, पाळणाघर, सल्ला, सगळं एका छपराखाली. त्या निधीभोवतीचं कुंपण, म्हणजे तो दुसरीकडे वळवायचा नाही ही अट, २०११ मध्ये काढलं गेलं आणि काही वर्षांत त्यावरचा खर्च शिखरावर होता त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आला. नंतर 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या संशोधन संस्थेच्या अभ्यासांतून दिसलं, की या केंद्रांच्या जवळ वाढलेली मुलं पुढे पौगंडावस्थेत रुग्णालयात कमी वेळा दाखल झाली. म्हणजे गुण आला, पण दहा-बारा वर्षांनी, आणि बचत झाली ती आरोग्यसेवेच्या खात्यात. केंद्र चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या वहीत फक्त खर्चाची बाजू. पेरायचं एकानं, कापणी दुसऱ्यानं नेली तर पेरणारा किती हंगाम पेरील? म्हणूनच 'हे काम फायद्याचं आहे, पालिकेनं स्वतःहून करावं' असा युक्तिवाद करणाऱ्या मित्रपक्षावरही माझा फारसा विश्वास नाही. फायदा समाजाचा आहे, पालिकेचा असेलच असं नाही. ज्याच्या खिशात बचत पडते त्यानं आधी खर्चाला हात लावला पाहिजे, आणि तो लावण्याची सक्ती वाटपाच्या सूत्रात लिहिलेली असली पाहिजे.

आता दानशूरांचा पक्ष. ते म्हणतात, सरकारी पैसा आला की शेजारधर्म मरतो. माणसांची काळजी माणसांनी घ्यावी. यातही तथ्य आहे. पगारी यंत्रणा कोरडी होते, अर्जाचा नमुना माणसापेक्षा मोठा होतो, हे कुणाला नाकारता येईल? जर्मनीतल्या एल्बरफेल्ड शहरानं १८५३ मध्ये जी पद्धत बसवली तिचं उदाहरण या पक्षाला आवडेल. शहराचे छोटे भाग पाडले, प्रत्येक भागात एक बिनपगारी नागरिक नेमला, त्याच्याकडे चारपेक्षा जास्त कुटुंबं द्यायची नाहीत. तो घरी जाई, परिस्थिती पाही, मदत दोन आठवड्यांपुरती ठरे आणि मग पुन्हा पाहणी. पद्धत इतकी गाजली की जर्मनीतल्या शहरांनी ती उचलली. पण कथा सांगताना अर्धी गाळली जाते. स्वयंसेवक आपल्या खिशातून देत नव्हते. पैसा शहराच्या तिजोरीतून येई, आणि हे पद नाकारण्याची मोकळीकही नागरिकाला फारशी नव्हती. पुढे कारखान्यांपायी शहरं फुगली, भाडेकरू वर्षावर्षाला घरं बदलू लागले, शेजारी शेजाऱ्याला ओळखेना, तेव्हा त्या काळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गनं १९०५ मध्ये पगारी कर्मचारी नेमून पद्धतच बदलली. शेजारधर्म मेला नव्हता, शेजार हलला होता. तिजोरीच्या आधाराशिवाय तर तो आधीही चाललेला नव्हता.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र वेगळाच असतो : कायमचा पैसा दिला की संस्था सुस्तावतात, नातलगांच्या संस्था निघतात, म्हणून दरवर्षी निविदा हवी, स्पर्धा हवी. नातलगांच्या संस्था निघतात हे खरं आहे. काही तर नावाच्या पाटीपुरत्याच असतात, हे सांगायला मला संकोच नाही. पण एका वर्षाच्या स्पर्धेत कोण जिंकतं ते एकदा बघावं. उत्तम काम करणारा जिंकतो की उत्तम अर्ज लिहिणारा? मंजुरीला तीन-चार महिने, पहिला हप्ता यायला आणखी दोन-तीन, अखेरीस उपयोगिता प्रमाणपत्राची धावपळ. मधे काम करायला उरतात ते पाच-सहा महिने. तोवर ज्या समुपदेशक बाईकडे एखादी मुलगी पहिल्यांदा मोकळं बोलली, ती बाई नोकरीची खात्री नाही म्हणून दुसरीकडे गेलेली असते. नवीन येते. मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगेल? बनावट संस्थेला हा त्रास होतच नाही, कारण तिला काम करायचंच नसतं. कागद तिचे नेहमीच तयार. म्हणजे वार्षिक फेरतपासणीची चाळण चोराला अडवत नाही आणि साधूला दमवते. पाच वर्षांचा करार, मधे केव्हाही न सांगता भेट, आणि काम नसेल तर पहिल्याच वर्षी करार रद्द, हा उपाय जास्त कडक आहे. तो नको असतो, कारण त्यासाठी पालिकेच्या माणसाला टेबल सोडून जावं लागतं.

त्यात पुन्हा 'प्रशासकीय खर्च देणार नाही' हा हट्ट. भाडं, वीज, हिशेबनीस, फोन यांच्याशिवाय सेवा कशी चालते, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. अमेरिकेत २०१४ पासून, अशा अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरकारशी ठरवून न घेतलेल्या संस्थेलाही केंद्रीय अनुदानात त्यापोटी दहा टक्के धरायची मुभा मिळाली. २०२४ मध्ये ती पंधरावर नेली. म्हणजे जिथे हिशेब काटेकोर समजला जातो तिथेही हे कळायला इतका काळ गेला. आणि रक्कम गोठण्याचं दुखणं वेगळंच. १९९६ मध्ये तिथे गरीब कुटुंबांच्या मदतीचा निधी राज्यांना ठोक रकमेनं द्यायचं ठरलं, वर्षाला सुमारे साडेसोळा अब्ज डॉलर. महागाई वाढत गेली, आकडा तिथेच राहिला. कुणी कपात जाहीर केली नाही, मोर्चा निघाला नाही. विल्यम बाउमोल या अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की जिथे माणसाचा वेळ हीच सेवा असते तिथे यंत्रांनी खर्च उतरत नाही; बाकी ठिकाणचे पगार वाढले की इथलेही वाढवावे लागतात. एका म्हाताऱ्याला भरवायला तीस वर्षांपूर्वी जितकी मिनिटं लागत तितकीच आज लागतात. गोठवलेली रक्कम म्हणूनच कपातच असते, फक्त तिला सही लागत नाही.

हुशार लोकांनी यावर एक तोड काढली : निकाल दाखवा, पैसे घ्या. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांसाठी २०१० मध्ये जगातला पहिला 'सोशल इम्पॅक्ट बाँड' निघाला. खासगी गुंतवणूकदारांनी आधी पैसे घातले. पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण साडेसात टक्क्यांनी घटलं तर सरकार परतफेड करणार. ते नऊ टक्क्यांनी घटलं आणि २०१७ मध्ये पैसे परत मिळाले. यश मी नाकारत नाही. पण तोवर देशपातळीवरचं पुनर्वसनाचं धोरण बदललं होतं आणि योजना ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत चाललीच नाही. यशस्वी ठरूनही टिकली नाही, म्हणजे अडचण निकालाची नव्हतीच. शिवाय पुन्हा गुन्हा झाला की नाही हे मोजता येतं. मरणाऱ्याच्या उशाशी बसलेल्या परिचारिकेचा निकाल कसा मोजणार?

राहिला शेवटचा आक्षेप, आणि मला स्वतःला तोच सगळ्यात जास्त सतावतो. निधीभोवती कायमचं कुंपण घातलं की तो दगड होतो. गरज बदलते, पैसा जुन्याच वाटेनं वाहत राहतो. आजच्या नगरसेवकानं पुढच्या पिढीचे हात बांधायचे हे लोकशाहीला धरून आहे का? नाही, असंच मी म्हणेन. कुंपण हवं, पण त्याला मुदत हवी, आणि मुदत अंदाजपत्रकाच्या वर्षापेक्षा माणसाच्या आयुष्याला बेतलेली हवी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, मुलांच्या सेवांसाठी वेगळं मंडळ आणि त्याला स्वतःच्या कराचा आधार १९४०च्या दशकात लोकांच्या मतानं दिला. तो अजून टिकून आहे. मला मात्र वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीची रीत जास्त पटते. माजी सैनिक आणि सामाजिक सेवा यांच्यासाठी मालमत्तेवर एक वेगळी करपट्टी तिथल्या मतदारांनी २००५ मध्ये मंजूर केली, सहा वर्षांसाठी. मग २०११ मध्ये पुन्हा मत, २०१७ मध्ये पुन्हा, २०२३ मध्ये पुन्हा. मधल्या काळात ज्येष्ठांच्या सेवाही तिच्यात आल्या, म्हणजे दगड झाला नाही. दर सहा वर्षांनी कर मागणाऱ्याला लोकांसमोर उभं राहून काय केलं ते सांगावं लागतं, आणि सहा वर्षं संस्थेला शेवटचा रकाना भरावा लागत नाही. पाळणाघरात पहिल्या वर्षी आलेलं मूल तोवर शाळेत जाऊ लागलेलं असतं, आणि त्याला सांभाळणारी बाई बहुधा तीच असते.